समजून घ्या : भीती दाखवणाऱ्या गायकानं खरं जग दाखवलं तेव्हा, अ‍ॅलिस कूपरच्या ‘ब्रूटल प्लॅनेट’ची गोष्ट

डिजिटल डेस्क, चुडावा (जि. परभणी)

चुडावा स्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोरांच्या कानात काय वाजत असेल, याचा अंदाज आता बांधता येत नाही. भीमगीत असेल, कीर्तन असेल, अजय-अतुल असतील, नाहीतर पंजाबी रॅप. पण यूट्यूबला एकदा तुमचा रॉकचा नाद कळला, की चार-पाच व्हिडिओंनंतर एक चेहरा हमखास समोर येतो. डोळ्यांभोवती काजळाचे काळे ओघळ, गळ्यात अजगर आणि मागे मान उडवायचं यंत्र, म्हणजे गिलोटिन. हा अ‍ॅलिस कूपर. पंच्याहत्तरी ओलांडली तरी याच वेशात उभा राहणारा अमेरिकी गायक.

घरातल्या मोठ्यांच्या नजरेला हा व्हिडिओ पडला, तर एक वाक्य ठरलेलं असतं, ‘असलं ऐकूनच पोरं बिघडतात.’ हाच आरोप कूपर आणि त्याच्यासारख्या गायकांवर पन्नास वर्षांहून जास्त काळ होतोय. २००० साली कूपरनं एक अल्बम काढला आणि त्यात भुतं, राक्षस, स्मशान सगळं बाजूला ठेवलं. त्याऐवजी रोजच्या बातम्या गायला घेतल्या. त्या अल्बमचं नाव ‘ब्रूटल प्लॅनेट’, म्हणजे क्रूर ग्रह. हा ग्रह अर्थातच आपली पृथ्वी.

थोडक्यात
• अल्बम : ‘ब्रूटल प्लॅनेट’, साल २०००, एकूण ११ गाणी
• शैली : शॉक रॉक, पण आवाज जड मेटलचा
• विषय : शाळेतला गोळीबार, घरातली मारहाण, युद्ध, भूक, हाव, द्वेष
• मूळ प्रश्न : हिंसेला गाणं जबाबदार, माणूस जबाबदार की परिस्थिती?

शॉक रॉक म्हणजे नेमकं काय?

रॉक संगीत आणि अंगावर येणारं नाट्य यांची जोड म्हणजे शॉक रॉक. सुरुवात १९५० च्या दशकात झाली. स्क्रीमिन जे हॉकिन्स हा कृष्णवर्णीय गायक स्टेजवर शवपेटीतून उठून गायचा. १९६८ मध्ये इंग्लंडच्या आर्थर ब्राउननं डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालून गाणं म्हटलं. कूपरनं या सगळ्याला कथेची शिस्त लावली. त्याचा कार्यक्रम म्हणजे दोन तासांचं नाटक असतं. त्यात तो स्वतः खलनायक असतो, पापं करतो आणि शेवटी त्याला शिक्षा होते. कधी फाशी, कधी विजेची खुर्ची, कधी गिलोटिन.

१९७३-७४ च्या दौऱ्यात त्याच्या स्टेजवर जल्लादाचं काम करणारा माणूस होता जेम्स रँडी. हा मूळचा जादूगार. पुढे चमत्काराचा दावा करणाऱ्या बुवाबाबांचं पितळ उघडं पाडणारा म्हणून तो जगभर ओळखला गेला. आपल्याकडे अंनिसच्या कार्यकर्त्यांनी चमत्कारांमागची हातचलाखी जशी लोकांसमोर करून दाखवली, त्याच जातकुळीचं हे काम. थोडक्यात, कूपरच्या स्टेजवरची भीती हिशेब करून उभी केलेली असते आणि ती खोटी आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

हा अ‍ॅलिस कूपर आहे कोण?

नाव बाईचं, माणूस पुरुष. खरं नाव व्हिन्सेंट फर्नियर. जन्म ४ फेब्रुवारी १९४८, डेट्रॉइट. वडील चर्चमध्ये प्रवचन करायचे. लहानपणी दम्याचा त्रास, त्यामुळे कुटुंब अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला राहायला गेलं. तिथे शाळेतल्या मित्रांना घेऊन त्यानं बँड काढला. ‘अ‍ॅलिस कूपर’ हे आधी त्या बँडचं नाव होतं, नंतर ते त्याचंच झालं.

१९६९ मध्ये टोरांटोच्या एका कार्यक्रमात कुणीतरी स्टेजवर कोंबडी सोडली. ती उडेल अशा समजुतीनं कूपरनं ती प्रेक्षकांत फेकली आणि गर्दीत तिचे हाल झाले. दुसऱ्या दिवशी बातमी अशी फिरली, की त्यानं कोंबडीचं मुंडकं चावून तोडलं. खोट्या बातमीनं माणूस रातोरात कसा गाजतो, याचं हे व्हॉट्सअ‍ॅपच्या किती तरी आधीचं उदाहरण.

१९७२ मध्ये ‘स्कूल्स आउट’ हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. बीबीसीनं ते दाखवू नये म्हणून मेरी व्हाइटहाउस या कार्यकर्त्या बाईंनी मोहीम चालवली. कूपरनं त्यांना आभाराची फुलं पाठवली, कारण या गदारोळात गाण्याची जाहिरातच झाली होती. १९७३ चा ‘बिलियन डॉलर बेबीज’ अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोचला.

मग दारूनं गाठलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याला उपचारासाठी दाखल व्हावं लागलं आणि त्या अनुभवावर त्यानं १९७८ मध्ये अख्खा अल्बम केला. १९८० च्या दशकात तो दारूतून पूर्ण बाहेर आला, धर्माकडेही परतला. १९८९ मध्ये ‘पॉयझन’ या गाण्यानं नव्या पिढीला त्याची ओळख झाली. १९९४ नंतर मात्र स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला त्याचा नवा अल्बम आला नव्हता. सहा वर्षांच्या खंडानंतर आला तो ‘ब्रूटल प्लॅनेट’. तेव्हा कूपर ५२ वर्षांचा होता.

असा अल्बम करावा असं काय घडलं होतं?

२० एप्रिल १९९९ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले गेले. हल्लेखोरांनी नंतर स्वतःला संपवलं. देशभर एकच प्रश्न होता : का? काही दिवसांतच बोटं वळली ती व्हिडिओ गेमकडे, सिनेमांकडे आणि मेरिलिन मॅन्सन या दुसऱ्या शॉक रॉक गायकाकडे. ते दोघे मॅन्सनचे चाहते नव्हते, हे पुढे आलं. तोवर त्याच्या नावाची राळ उडून गेली होती.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९९० मध्ये जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडला अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कोर्टाची पायरी चढावी लागली होती. बँडच्या गाण्यात लपवलेल्या शब्दांमुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असा दावा होता. निकाल बँडच्या बाजूनं लागला.

त्याच काळात टीव्हीवर कोसोवोच्या युद्धाची दृश्यं होती. घरं जळत होती, माणसं वाहून नेता येईल तेवढं सामान घेऊन सीमा ओलांडत होती. खोट्या रक्तानं भीती दाखवणाऱ्या कलाकाराची यात अडचण होते. खरं रक्त रोज संध्याकाळच्या बातम्यांत दिसत असेल, तर त्याच्या गिलोटिनला कोण घाबरणार? कूपरनं या अडचणीलाच विषय केलं.

अल्बममध्ये आहे तरी काय?

बॉब मार्लेट हा या अल्बमचा निर्माता. कूपरच्या जुन्या गाजलेल्या अल्बमांमागचा बॉब एझरिनही देखरेखीला होता. मुख्य गाण्यांचा आशय असा :

• ‘ब्रूटल प्लॅनेट’ : गाइड पर्यटकांना स्थळं दाखवत फिरतो, तसा गायक माणसाच्या क्रौर्याच्या जागा दाखवत फिरतो.

• ‘विकेड यंग मॅन’ : बोलतोय तो खुनशी तरुण. त्याचं म्हणणं, मी गेममुळे, सिनेमामुळे किंवा गाण्यांमुळे असा झालो नाही. मी आहेच दुष्ट. कोलंबाइननंतर वर्षभरात आलेलं हे गाणं त्या आरोपांना थेट उत्तर होतं.

• ‘पिक अप द बोन्स’ : हिंसाचारानंतर आपल्या घरच्यांची हाडं गोळा करणारा माणूस. यात किंचाळणं नाही. गाणं हळू सरकतं आणि म्हणून जास्त लागतं.

• ‘ईट सम मोर’ : एकीकडे अन्नाचे कुजणारे ढीग, दुसरीकडे उपाशी पोट. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. गाणं जुनं झालं, विषय झाला नाही.

• ‘टेक इट लाइक अ वुमन’ : घरात मार खाणाऱ्या बाईचं गाणं. कूपरनं १९७५ मध्येच ‘ओन्ली विमेन ब्लीड’ हे याच विषयावरचं गाणं केलं होतं. तेव्हा अनेकांनी नावावरून भलताच अर्थ काढला आणि कंपनीनं सिंगल काढताना नाव छोटं करून ‘ओन्ली विमेन’ एवढंच ठेवलं. भारतात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला, म्हणजे त्या पहिल्या गाण्यानंतर ३० वर्षांनी.

बाकीच्या गाण्यांत हाव आहे, कारण नसताना केलेला द्वेष आहे, रोजच्या जगण्याला वैतागून खोलीचं दार लावून घेणारा माणूस आहे आणि यंत्रासारखी फिरणारी माणसं आहेत. २००१ मध्ये कूपरनं ‘ड्रॅगनटाउन’ हा याचाच पुढचा भाग काढला.

आवाज एवढा जड का वाटतो?

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. नेहमीच्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते. जड मेटलमध्ये ही तार सैल करून सूर खाली आणतात. एक स्वर खाली आणला तरी कंपनं ७३ च्या आसपास येतात. इतका खालचा आवाज कानाइतकाच छातीतही जाणवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्टॉर्शन. गिटारचा सिग्नल यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त वाढवला, की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीतून नवे वरचे स्वर तयार होतात आणि आवाज खरखरीत, भरलेला लागतो. लग्नातला कर्णा फाटतो तेव्हा हेच होतं. मेटलवाले ते मुद्दाम आणि मोजून करतात.

मोबाइलचा बारका स्पीकर साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं ऐकवतच नाही. त्यामुळे हा अल्बम फोनच्या स्पीकरवर लावला तर नुसती कटकट ऐकू येईल. इअरफोन लावा, आवाज मात्र निम्म्याच्या आसपास ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि रॉकपेक्षा चारशे वर्षं जुनं आहे. चुडाव्याच्या आसपास कुठल्याही सप्ताहात सोंगी भारूड पाहिलेल्या माणसाला कूपरचा कार्यक्रम समजायला फार वेळ लागणार नाही. पुरुष लुगडं नेसतो, तोंडाला रंग फासतो, वेड्याचं, आंधळ्याचं, भुताचं, भुत्याचं सोंग घेतो, लोकांना हसवतो, दचकवतो आणि मग हळूच आरसा पुढे करतो. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी या सोंगांतून वेदान्त सांगितला. त्यांचा विंचू चावतो तो काम-क्रोधाचा. सासरच्या माणसांचा नायनाट व्हावा म्हणून देवीला नवस बोलणारी बाई ऐकताना हसू येतं, पण नाथांचा रोख असतो तो माणसाच्या मनातल्या विकारांवर.

मराठवाड्यात ही परंपरा आपल्या काळापर्यंत आली. सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरे यांनी व्यसन आणि अंधश्रद्धा यांसारखे विषय भारुडातून गावोगाव नेले. २०२१ मध्ये कोरोनानं त्यांना नेलं.

धक्का देणारं आणखी एक रूप म्हणजे पोतराज. वाढवलेले केस, कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, कपाळभर कुंकू आणि स्वतःच्याच अंगावर ओढलेला आसूड. पाहणारा आजही दचकतो. फरक एवढाच, की कूपरचं गिलोटिन खोटं असतं. पोतराजाचा आसूड खरा, पाठ खरी आणि पोटही खरं.

मराठी रंगभूमीनंही हा धक्का दिलाय, तोही कूपरच्याच काळात. १९७० मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ आलं. साडीवरचा रक्ताचा डाग सेन्सॉरला खटकला. तेव्हा दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना जाहीर सांगितलं. रंग बदलला, हिंसा होती तिथेच राहिली.

मग कूपरचं कुठे कमी पडतं?

भारूड आणि ‘ब्रूटल प्लॅनेट’ दोन्ही रोग शोधतात तो माणसाच्या आत. कूपर प्रवचनकाराचा मुलगा आहे, त्यामुळे त्याच्या मते जग बिघडलं कारण माणूस पापी आहे. ‘विकेड यंग मॅन’मधला तरुण दुष्ट का झाला, त्याच्या हातात बंदूक कुठून आली, त्याच्या शाळेत, घरात काय चाललं होतं, हे गाणं विचारत नाही. गाण्याला निर्दोष ठरवण्यासाठी ते सगळा दोष त्या एका पोराच्या स्वभावावर टाकून मोकळं होतं.

महाराष्ट्रातली दुसरी परंपरा इथे वेगळी वाट धरते. ती शाहिरांची. आंबेडकरी जलशांनी, १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकानं, पुढच्या काळात विलास घोगरे आणि संभाजी भगत यांनी समाजाचे प्रश्न गायले, ते ‘माणूस वाईट’ एवढ्यावर थांबले नाहीत. ही परिस्थिती कुणी तयार केली आणि ती कुणाच्या फायद्याची आहे, हे त्यांनी विचारलं.

या दोन वाटांमधला फरक बघायचा असेल, तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा बघावा. २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. संगीत संभाजी भगत यांचं. नारायण कांबळे या म्हाताऱ्या लोकशाहिराची भूमिका दिवंगत वीरा साथीदार यांनी केली. कथा अशी : शाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला अटक करतात. खटला चालतो. साक्षी-पुराव्यांतून हळूहळू दिसतं, की तो कामगार सुरक्षेच्या साधनांशिवाय मॅनहोलमध्ये उतरत होता आणि वास सहन व्हावा म्हणून दारू पीत होता. त्याला गाण्यानं मारलं की गटारानं, हा प्रश्न कोर्टात कुणालाच महत्त्वाचा वाटत नाही. गाण्यावर खटला भरणं सोपं असतं. मॅनहोलवर कोण भरणार?

कोलंबाइननंतर मॅन्सनचं जे झालं, तेच इथे नारायण कांबळेचं होतं. कूपरनं त्या आरोपाला उत्तर दिलं, ‘गाणं नाही, मी दुष्ट.’ ‘कोर्ट’चं उत्तर आहे, ‘गाणं नाही, ते मॅनहोल बघा.’

आज याचं काय?

आपल्याकडे एखाद्या पोरानं काही भलतंसलतं केलं, की पारावरच्या चर्चेत पहिलं नाव निघतं मोबाइलचं. मग गेमचं, रीलचं, गाण्याचं. मोबाइलचा काहीच परिणाम होत नाही, असं कुणी म्हणत नाही. पण तिथेच चर्चा संपली, की बाकीचे प्रश्न सुटून जातात. पोरगा शाळेत का जात नव्हता? घरात रोज भांडणं होत होती का? गावात त्याच्याशी बोलणारं कुणी होतं का? आणि ‘पोरगंच वाया गेलेलं’ हे दुसरं ठरलेलं उत्तरही तितकंच आळशी आहे, मग ते पारावर दिलेलं असो किंवा कूपरच्या गाण्यात.

गंमत म्हणजे, स्वतः कूपर प्रत्यक्षात या उत्तरावर थांबलेला नाही. १९९५ मध्ये त्यानं ‘सॉलिड रॉक’ ही संस्था काढली. फिनिक्समध्ये ती किशोरवयीन मुलांसाठी केंद्र चालवते. तिथे मुलं शाळा सुटल्यावर फुकटात गिटार, ड्रम, नाच शिकतात. पोरं जन्मतःच दुष्ट असतात, असं खरंच वाटणारा माणूस त्यांना गिटार शिकवायच्या फंदात पडणार नाही.

ऐकायचं असेल तर कुठून सुरू करावं?

आधी ‘पिक अप द बोन्स’ ऐका, मग ‘टेक इट लाइक अ वुमन’. ही दोन गाणी रॉकची सवय नसलेल्या कानालाही जड जाणार नाहीत. त्यानंतर ‘ब्रूटल प्लॅनेट’ आणि शेवटी ‘विकेड यंग मॅन’. गाण्यांचे शब्द इंटरनेटवर मिळतात, ते समोर ठेवा. प्रत्येक गाण्यात बोलणारा कूपर नसून त्यानं घेतलेलं सोंग आहे, हे ध्यानात ठेवलं की अर्थ सरळ लागतो. २००० सालच्या दौऱ्यातला लंडनचा प्रयोग ‘ब्रूटली लाइव्ह’ या नावानं चित्रित झालेला आहे. लहान मुलांसोबत तो बघू नका. त्यातली शिक्षा खोटी असली तरी अंगावर येते.

आणि घरातल्या कुणी ‘हे काय लावलंय’ असं विचारलंच, तर इअरफोनची एक बाजू त्यांच्या कानात द्या आणि गाणं कशावर आहे ते मराठीत सांगा. घरातली मारहाण, उपाशी पोट, जळालेली घरं, यांतलं काहीच त्यांना परकं वाटणार नाही.